लियोंमधले दोन दिवस: एका भाषा-सहलीचे प्रकरण

फ्रान्समधल्या ग्रनोब्ल येथील एका भाषाशाळेत तीन आठवड्यांच्या उन्हाळी फ्रेंच अभ्यासक्रमासाठी आलेल्या १६ विद्यार्थ्यांना दुसऱ्या आठवड्याच्या शनिवार-रविवारी लियों शहरात नेण्यात आले. त्या दोन दिवसांत काय ठरले होते, प्रत्यक्षात काय घडले आणि शनिवारी रात्री आम्हाला आखणी का बदलावी लागली, याची ही नोंद आहे. विद्यार्थ्यांसोबत आलेली समन्वयक या नात्याने मी दोन्ही दिवस हजर होते. शाळेच्या वतीने एक तरुण संयोजिका बरोबर होती. तिचे शिक्षण लियोंमध्येच झाल्यामुळे गल्लीबोळ तिला पाठ होते. ही सोय पुढे अडचणीची ठरली, ते ओघाने येईलच.

सर्व विद्यार्थी पदवीच्या वर्गातले, १८ वर्षे पूर्ण केलेले आणि मराठी बोलणारे होते. युरोप परिषदेने २००१ साली प्रसिद्ध केलेल्या भाषापातळ्यांच्या चौकटीनुसार त्यांच्यापैकी नऊ जण ए२ पातळीवर आणि सात जण बी१ पातळीवर होते. बी१ पातळीची ओळख सांगताना या चौकटीत प्रवासाचाच दाखला आहे: जिथे ती भाषा बोलली जाते तिथे फिरताना येणाऱ्या बहुतेक प्रसंगांना तोंड देता आले पाहिजे. म्हणजे जवळजवळ निम्म्या गटाकडे ही पात्रता कागदोपत्री होती आणि उरलेले तिच्या उंबरठ्यावर होते. वर्गात व्याकरण चांगले चालले होते. मात्र यजमान कुटुंबातले रात्रीचे जेवण सोडले तर त्यांची गाठ पडत असे ती शिक्षकांशी, आणि शिक्षक सावकाश बोलतात, चुका पोटात घालतात आणि वाक्य अडले की स्वतःच पुरे करतात. सहलीचा घोषित हेतू ‘अनोळखी माणसांशी फ्रेंचमधून व्यवहार’ असा होता. हे शब्द कार्यक्रमपत्रिकेत मीच लिहिले होते, त्यामुळे पुढची टीका आधी माझ्यावर येते.

लियों निवडण्यामागची कारणे सरळ होती. ग्रनोब्लहून प्रादेशिक रेल्वेने दीड तासाच्या आसपास पार-द्यू स्थानक येते. सोन आणि रोन या दोन नद्या आणि पश्चिमेची फूर्व्हिएर व उत्तरेची क्र्वा-रूस या दोन टेकड्या लक्षात ठेवल्या की नवखा माणूसही फारसा चुकत नाही. पहिलीला प्रार्थना करणारी टेकडी आणि दुसरीला काम करणारी टेकडी म्हणण्याची तिथे पद्धत आहे. १९९८ साली शहराचा ऐतिहासिक भाग जागतिक वारशाच्या यादीत आला. पर्यटक भरपूर असले तरी लोक अजून त्या भागात राहतात, दळण-किराणा करतात, आणि आम्हाला तेच हवे होते.

शनिवार

सकाळी जुन्या लियोंमध्ये फ्रेंचमधून वाटाड्यासह दोन तासांची पायी फेरी होती. वाटाड्या जाणकार आणि बोलका होता. त्याने सें-जाँ रस्त्यावरच्या ५४ क्रमांकाच्या दारातून आम्हाला आत घेतले. अंधाऱ्या बोळातून, अंगणांच्या कडेने चालत आम्ही समांतर असलेल्या दुसऱ्याच रस्त्यावर, २७ क्रमांकाच्या दारातून बाहेर पडलो. घरांच्या पोटातून एका रस्त्यावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या या वाटांना तिथे त्राबूल म्हणतात, आणि ही जुन्या भागातली सर्वांत लांब त्राबूल. शब्दाचे मूळ ‘ओलांडून चालणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे. वाटाड्याने पुढे जुन्या वस्त्या जपण्यासाठी झालेला १९६२ चा मालरो यांचा कायदा सांगितला, जुने लियों १९६४ साली फ्रान्समधला पहिला संरक्षित विभाग कसे ठरले ते सांगितले, आणि मग रेशीम विणणाऱ्या कामगारांकडे, म्हणजे कान्यूंकडे, वळून १८३१ आणि १८३४ ची बंडे सांगितली.

पहिली दहा मिनिटे ए२ चे विद्यार्थी लक्ष देऊन ऐकत होते. त्यानंतर त्यांच्या चेहऱ्यावर हसरी शांतता पसरली. शिक्षकाला ती लगेच ओळखू येते, कारण समजणे थांबले आणि सभ्यता उरली की माणूस असा हसतो. मला राहवले नाही आणि मी मागच्या रांगेत हळू आवाजात मराठीत सांगू लागले. दुसऱ्या अंगणात माझ्याभोवती पाच जण होते, तिसऱ्यात दहा. चौथ्या अंगणात माझ्या लक्षात आले की वाटाड्या बोलत असताना अर्धा गट त्याच्या तोंडाकडे न पाहता माझ्या तोंडाकडे पाहतो आहे. त्यालाही ते दिसत होते. तो सौजन्याने माझ्यासाठी थांबू लागला, आणि मी नको असलेली दुभाषी होऊन बसले.

एक गोष्ट मात्र सगळ्यांना भाषांतराशिवाय कळली. १८३१ च्या कामगारांची घोषणा वाटाड्याने फ्रेंचमध्ये दोनदा म्हटली: ‘व्हिव्र आँ त्राव्हायाँ ऊ मुरीर आँ कोंबाताँ’. आदल्याच आठवड्यात वर्गात ‘आँ’ लावून होणारे हे क्रियारूप शिकवून झाले होते. एक मुलगी चटकन मागे वळून म्हणाली, “मॅडम, काम करत जगू, नाही तर लढत मरू. ‘करत’, ‘लढत’ म्हणजेच ते.” दोन तासांत वाटाड्याच्या बोलण्यातून माझ्या मदतीशिवाय विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचलेले हे एकच वाक्य, आणि ते पोहोचले कारण त्यातले हाड आधीपासून त्यांच्या ओळखीचे होते.

दुपारचे जेवण एका बूशोंमध्ये होते. बूशों म्हणजे लियोंची खास खाणावळ, जिथे मांसाहाराचा भर मोठा असतो. १८ माणसांची जागा संयोजिकेने आधीच राखली होती आणि सर्वांसाठी एकच जेवण ठरवून ठेवले होते. गटात सात शाकाहारी असल्याचेही तिने फोनवर कळवले होते. सगळी ताटे वेळेवर आली. शाकाहारी विद्यार्थ्यांच्या पुढ्यात लियोंची प्रसिद्ध कोशिंबीर आली, वर अर्धवट शिजलेले अंडे आणि खाली पानांत दडलेले लार्दों, म्हणजे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे. फोनवर ‘शाकाहारी’ शब्दाचा अर्थ स्वयंपाकघराने ‘मुख्य पदार्थात मांस नको’ असा घेतला असावा. संयोजिका उठली, आत गेली, दोन मिनिटांत बोलून आली आणि ताटे बदलून मिळाली. कोणाचीही उपासमार झाली नाही. परंतु आपल्या पोटाची गोष्ट आपण आपल्या तोंडाने सांगण्याची सबंध दिवसातली सर्वांत खरी संधी त्या दोन मिनिटांत स्वयंपाकघराच्या दारामागे निघून गेली. त्या सातांपैकी चौघांना हवे ते वाक्य येत होते. सकाळी रेल्वेत त्यांनी मला ते म्हणूनही दाखवले होते.

दुपारनंतर दोन नद्यांमधल्या भागात, बेलकूर चौकापर्यंत फिरणे झाले. चौदाव्या लुईच्या अश्वारूढ पुतळ्याखाली छायाचित्रे निघाली. मेट्रोची तिकिटे संयोजिकेने एकदम काढली, वाट तिनेच दाखवली, पाणी कुठे मिळेल तेही तिनेच सांगितले. संध्याकाळी युथ हॉस्टेलच्या अंगणात आम्ही वह्या उघडल्या. आज कोणत्या अनोळखी माणसाशी फ्रेंचमध्ये काय बोललात ते लिहा, एवढेच सांगितले होते. बहुतेकांच्या वहीत दोन-तीन ओळींपलीकडे काही नव्हते: ‘बोंजूर’, ‘मेर्सी’ आणि आइस्क्रीमवाल्याला सांगितलेले एक नाव. एकाने प्रामाणिकपणे लिहिले होते, ‘आज मी फ्रेंच ऐकले. हिंदी आणि मराठी बोललो.’

तंबाखूच्या दुकानातला प्रसंग

त्या दिवशीच्या वह्यांत एक नोंद वेगळी होती, आणि रात्रीची चर्चा तिच्यापासूनच सुरू झाली. बी१ पातळीवरची, वर्गात सर्वांत अचूक बोलणारी एक मुलगी मेट्रोचे दार विचारायला कोपऱ्यावरच्या तंबाखूच्या दुकानात गेली होती. तिने निर्दोष वाक्यात प्रश्न विचारला. गल्ल्यावरच्या बाईंनी वर पाहिले आणि त्या म्हणाल्या, “बोंजूर.” मुलीला वाटले की त्यांना ऐकू आले नाही, म्हणून तिने तोच प्रश्न थोड्या मोठ्या आवाजात विचारला. बाई पुन्हा म्हणाल्या, “बोंजूर, मादम्वाझेल,” आणि थांबून राहिल्या. मुलगी गोंधळून बाहेर आली. तिच्या मते बाई उद्धट होत्या. बाईंच्या मते कोण उद्धट होते, हे वेगळे सांगायला नको.

ही चूक मराठी विद्यार्थ्याकडून होते तशी सगळ्यांकडून होत नाही, म्हणून तिच्यावर थोडे थांबते. आपल्या बोलण्यात आदर ‘अहो’मध्ये असतो, क्रियापदाच्या शेवटात असतो, ‘जरा’ आणि ‘सांगता का’ यांच्या वळणात असतो. “अहो, जरा मेट्रो कुठे आहे सांगता का?” यात नमस्कार नसला तरी कुणी दुखावत नाही; उलट दुकानदाराला आधी नमस्कार घालणारे गिऱ्हाईक आपल्याला चमत्कारिक वाटेल. फ्रेंचमध्ये ‘वू’, म्हणजे आदरार्थी ‘तुम्ही’, वापरले की आदराचा हिशेब पुरा झाला, असे आमच्या विद्यार्थ्यांना वाटते. तो पुरा होत नाही. दुकानात शिरताना ‘बोंजूर’ म्हणणे हे तिथे दारावर टकटक करण्यासारखे आहे, आणि ते न करता केलेला प्रश्न, व्याकरणाने कितीही शुद्ध असो, घरात घुसल्यासारखा वाटतो. वर्गात हे पहिल्याच दिवशी सांगितलेले असते. पण वर्गात प्रश्न विचारण्यापूर्वी शिक्षकाला दर वेळी कुणी बोंजूर म्हणत नाही, त्यामुळे ते अंगात मुरत नाही. मुरायला गल्ल्यावरच्या बाईच लागतात.

शनिवारी रात्रीचे निदान

संयोजिका आणि मी उशिरापर्यंत बसलो. तिचे पहिले मत असे होते की वाटाड्या फार जलद बोलला. माझे पहिले मत असे होते की मुले लाजाळू आहेत. दोन्हींत थोडे तथ्य होते आणि दोन्ही सोयीस्कर होती, कारण त्यांत आमचा दोष नव्हता. मग आम्ही दिवसभरात विद्यार्थ्यांना कशाकशाची गरज पडली याची यादी केली: तिकीट, वाट, जेवण, पाणी, स्वच्छतागृह, वेळ. त्यापुढे ती गरज कोणी भागवली ते लिहिले. जवळजवळ प्रत्येक ओळीत संयोजिकेचे किंवा माझे नाव आले. विद्यार्थ्यांना शहराकडून काहीच हवे नव्हते, कारण जे हवे ते त्यांना आमच्याकडून मिळत होते. दोन मदतनीस बायकांच्या मागे १६ जणांचा घोळका चालला की फ्रेंच भाषा ही त्यांच्यासाठी आसपासचा आवाज होऊन राहते.

घोळक्याचा आकार हे दुसरे कारण. १६ जणांच्या गटाला पाहून कोणताही दुकानदार त्यातल्या सर्वांत धीट माणसाशी बोलतो, आणि तेही इंग्रजीत, कारण त्याला लवकर मोकळे व्हायचे असते. दोघांना पाहून तो थांबतो.

संयोजिकेला एक भीती होती आणि ती रास्त होती: गट फोडला आणि कोणी हरवले, तर जबाबदारी शाळेची. त्यावर आम्ही वेळ घेतला. विद्यार्थी सज्ञान होते, प्रत्येकाकडे चालू फोन होता, आपत्कालीन क्रमांक ११२ सर्वांना ठाऊक होता. भेटण्याची ठिकाणे दोनच आणि ठळक ठेवायची, परतीची गाडी संध्याकाळची असल्यामुळे शेवटच्या भेटीनंतर दोन तास मोकळे ठेवायचे, आणि सकाळचा भाग एकाच वस्तीपुरता मर्यादित ठेवायचा, असे ठरले. तिने सकाळी शाळेला फोन करून परवानगी घेतली. तिला ती नाकारली गेली असती, तर हे प्रकरण इथेच संपले असते.

रविवारची आखणी

गटाच्या आठ जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला एकच काम दिले. कामाची कसोटी अशी होती की उत्तर फोनवर सापडता कामा नये आणि ते कुणा माणसाला विचारल्याशिवाय मिळता कामा नये. बाकी नियम दोनच. समोरचा इंग्रजीत बोलू लागला तर ‘मी इथे फ्रेंच शिकायला आले आहे’ हे वाक्य फ्रेंचमध्ये म्हणायचे. ते सर्वांकडून घोटून घेतले. आणि फोनवरचे भाषांतर वापरायचे नाही. हा दुसरा नियम दोन जोड्यांनी मोडला, असे त्यांनी नंतर स्वतःहून सांगितले.

सकाळी दातेरी रुळावरून चढणाऱ्या मेट्रोने आम्ही क्र्वा-रूसच्या माथ्यावर गेलो. तिकीट प्रत्येकाने स्वतः काढले. त्यात २० मिनिटे गेली, आणि संयोजिकेने हात पाठीमागे बांधून घेतले होते, हे मी मुद्दाम नोंदवते. सोमवार सोडला तर क्र्वा-रूसच्या हमरस्त्यावर सकाळी बाजार भरतो, आणि रविवारी तो सर्वांत फुललेला असतो. जवळच जाकार यांचा पुतळा आहे. त्यांच्या १८०४ च्या मागाने रेशमावरची नक्षी छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या हुकमाने विणली जाऊ लागली. हे उंच माग मावावेत म्हणून या टेकडीवरच्या घरांची छते चार मीटरइतकी उंच बांधली गेली. शनिवारी हीच माहिती वाटाड्याच्या तोंडून ऐकून कुणाला काही वाटले नव्हते. रविवारी एका जोडीचे कामच हे होते: या वस्तीत राहणाऱ्या कुणालाही त्यांच्या घराचे छत किती उंच आहे आणि हिवाळ्यात घर गरम ठेवायला त्रास होतो का, हे विचारायचे. भाजी घ्यायला आलेल्या एका आजोबांनी त्यांना पंधरा मिनिटे उभे करून आपल्या पोटमाळ्याची, शिडीची आणि विजेच्या बिलाची कहाणी ऐकवली. त्यातले निम्मे कळले, असे मुले म्हणाली. त्या निम्म्याची नोंद दोन पाने भरली.

दुसऱ्या जोडीला ‘कान्यूंची भिंत’ दिली होती. सुमारे १,२०० चौरस मीटरच्या या बिनखिडक्यांच्या भिंतीवर १९८७ साली त्याच वस्तीचे चित्र रंगवले गेले, आणि १९९७ व २०१३ साली ते नव्याने रंगवताना चित्रातली माणसेही वयाने वाढवली गेली. भिंतीत काय काय बदलले, हे कुणा रहिवाशाला विचारायचे होते. पहिल्या तिघांना माहीत नव्हते; तेही पर्यटकच निघाले. चौथ्या बाईंना माहीत होते.

चीजच्या गाड्यावर

तिसऱ्या जोडीचा प्रसंग मी चार पावलांवरून, दुसऱ्या गाड्यावरची जर्दाळू निवडण्याचे निमित्त करून पाहिला. त्यांना सें-मार्सेलें नावाचे चीज आणायचे होते. हे इझेर भागातले, तळहाताएवढे, पिकल्यावर वाहू लागणारे चीज आहे, आणि त्याची किंमत व पिकण्याची गोष्ट विक्रेत्याकडून काढून घेणे हे काम होते. दोघांनी रांगेत उभ्याउभ्या वाक्य पाठ केले होते. बोंजूर झाले, वाक्य झाले, बिनचूक झाले. विक्रेत्याने हात पुसले आणि विचारले, “से पूर मांजे काँ?”

दोघे गप्प. खायचे कधी आहे, एवढेच तो विचारत होता, कारण त्यावर तो आजचे पिकलेले द्यायचे की दोन दिवसांनी पिकणारे, हे ठरवणार होता. प्रत्येक शब्द त्यांना पहिल्या महिन्यात शिकवलेला होता. पण पाठ केलेल्या संवादात उलटा प्रश्न नव्हता. मागच्या रांगेतल्या एका बाईंनी हाताने तोंडात घास घालण्याची खूण करून “ओजूरद्वी? दमें?” असे विचारले. तेव्हा मुलगा म्हणाला, “दमें,” उद्या. विक्रेत्याने एक चीज अंगठ्याने हलकेच दाबून पाहिले, परत ठेवले, दुसरे उचलले, आणि कागदात बांधता बांधता म्हणाला, “अवेक सुसी?” पुन्हा शांतता. या दोन शब्दांचा अर्थ ‘याच्यासोबत’ असा कोशात मिळतो. दुकानात त्याचा अर्थ ‘आणखी काही?’ एवढाच असतो. मुलीने अंदाजाने मान हलवली, आणि ती नशिबाने आडवी हलली.

मग किंमत आली: तीन युरो कात्र-व्हें-दिस, म्हणजे नव्वद. मुलाने चार युरो ऐंशी सेंट मोजायला घेतले, कारण ‘कात्र-व्हें’ ऐकताच कान थांबला आणि ‘कात्र’ युरोंमध्ये गेले. फ्रान्समध्ये सत्तर म्हणजे साठ-दहा, ऐंशी म्हणजे चार-वीस आणि नव्वद म्हणजे चार-वीस-दहा. विद्यार्थी या मोजणीला हसतात. ज्यांच्या मातृभाषेत एकोणऐंशी म्हणजे ऐंशीला एक कमी आहे आणि ज्यांचे पणजोबा विसाच्या हिशेबाने मोजत, त्यांनी हसू नये, असे माझे मत आहे. पण ते मी त्या वेळी जर्दाळूंनाच सांगितले.

हा सगळा व्यवहार दोन मिनिटांचा होता. वर्गातल्या दुकानाच्या नाटुकल्यात यातले काहीच येत नाही, कारण तिथे दुकानदार झालेला विद्यार्थी पाठातलेच बोलतो. गिऱ्हाइकाची वाक्ये आम्ही वर्षानुवर्षे शिकवतो. दुकानदाराची शिकवत नाही. प्रत्यक्षात गिऱ्हाईक बोट दाखवूनही निभावून नेते, अडते ते दुकानदाराचे बोलणे कळण्यात.

मिनिमला उतरलेली जोडी

दुपारी टेकडीच्या उताराने व्होरास अंगणाच्या सहा मजली उघड्या जिन्याजवळून सगळे खाली आले. तिथून फूर्व्हिएर टेकडीवरच्या रोमन नाट्यगृहापाशी साडेतीनला भेटायचे होते. इसवी सनापूर्वी ४३ साली वसवलेल्या लुग्दुनुम नगराचे हे नाट्यगृह. जून असल्यामुळे तिथे १९४६ पासून चालत आलेल्या उन्हाळी महोत्सवाची मांडणी चालू होती आणि दगडी पायऱ्यांसमोर दिव्यांचे सांगाडे उभे होते. पावणेचारला सात जोड्या हजर होत्या. आठवी नव्हती, आणि त्यांचा फोन लागत नव्हता.

जुन्या लियोंच्या स्थानकातून टेकडीवर दोन केबलगाड्या चढतात. तिथले लोक त्यांना ‘फिसेल’, म्हणजे दोरी, म्हणतात. एक थेट फूर्व्हिएरच्या चर्चपाशी जाते, दुसरी मिनिमवरून सें-ज्युस्तला. बहुतेक जण चर्चच्या बाजूने खाली उतरून आले होते. ही जोडी दुसऱ्या गाडीत बसली, आणि खरे तर तीच जवळची होती. मिनिम स्थानकापासून नाट्यगृह काही मिनिटांवर आहे. त्यांनी बाहेर येऊन वाट विचारली. उत्तर आले, “तू द्र्वा.” म्हणजे सरळ. त्यांना ऐकू आले ‘आ द्र्वात’, म्हणजे उजवीकडे. शेवटच्या ‘त’चा काय तो फरक. ते उजवीकडे वळले, पुन्हा विचारले, पुन्हा तसेच ऐकले, आणि टेकडीच्या भलत्याच अंगाला पोहोचले.

४० मिनिटे उशिराने ते आले तेव्हा त्यांच्यासोबत हातात पावांची पिशवी घेतलेल्या एक वयस्क बाई होत्या. त्यांनी या दोघांना वाटेत थांबवून ‘द्र्वा’ आणि ‘द्र्वात’ हाताने दाखवून, म्हणवून घेऊन, शेवटी स्वतःच आणून सोडले होते. संयोजिका इतक्या वेळात दोनदा स्थानकापर्यंत जाऊन आली होती आणि तिचा चेहरा उतरला होता. मुले मात्र खुशीत होती. मोकळे ठेवलेले दोन तास नसते तर गाडी चुकली असती आणि माझा सूर या ठिकाणी वेगळा असता. फोन न लागण्याचे कारण साधे होते: दिवसभर नकाशा पाहून दोघांचीही बॅटरी संपली होती. पुढच्या वेळी प्रत्येक जोडीकडे ठिकाणाचे नाव लिहिलेला कागद द्यायचा, ही सुधारणा त्यातून आली.

सोमवारचा वर्ग आणि जे जमले नाही

सोमवारी शाळेतल्या शिक्षिकेने प्रत्येक जोडीला आपला प्रसंग फ्रेंचमध्ये सांगायला लावला. हरवलेल्या जोडीची गोष्ट सांगताना फ्रेंचमधले दोन भूतकाळ आपोआप लागले: ‘आम्ही चालत होतो, ऊन होते, कुणी दिसत नव्हते’ यासाठी एक, आणि ‘तेवढ्यात बाई थांबल्या, त्यांनी विचारले’ यासाठी दुसरा. मराठीत हा भेद आपण ‘चालत होतो’ आणि ‘थांबल्या’ असा सहज पाळतो, आणि तरीही फ्रेंचच्या स्वाध्यायात आमचे विद्यार्थी त्यात हटकून घसरतात. त्या दिवशी ते पुष्कळ कमी घसरले. एका तासाच्या निरीक्षणावरून मोठा निष्कर्ष काढणे बरोबर नाही. पण गाळलेल्या जागा भरताना कुणालाही खरोखर काही सांगायचे नसते, हा फरक मला दिसला.

जोड्या करताना आम्ही एक चूक केली, आणि ती हेतू चांगला ठेवून केली. तीन जोड्यांत बी१ चा एक आणि ए२ चा एक विद्यार्थी असा मेळ घातला, जेणेकरून एकाने दुसऱ्याला सांभाळून घ्यावे. त्या तिन्हींत बी१ चा बोलला आणि ए२ चा पिशवी धरून उभा राहिला. शनिवारी आम्ही दोघींनी १६ जणांचे जे केले, तेच इथे एकाने दुसऱ्याचे केले. समान पातळीच्या ए२ जोड्या अडखळल्या, हातवारे केले, चुकीचे चीजही आणले, पण दोघेही बोलले.

त्या तीन मिश्र जोड्यांतल्या एका ए२ मुलीच्या वहीत रविवारीही एकच ओळ होती. तिच्या जोडीदाराने पाच जणांशी बोलून चार पाने भरली होती, आणि वर्गात तोच उभा राहिला. तिला काय वाटले ते मी सोमवारी दुपारी विचारले. ती म्हणाली की प्रत्येक वेळी तिचे वाक्य मनात तयार होईपर्यंत तो बोलून मोकळा झालेला असायचा. शाकाहारी असलेल्या त्या सातांतलीही ती एक होती. शनिवारी ताट बदलून मिळाले तेव्हाही तिचे वाक्य तयार होते, असे तिने सांगितले. तिसऱ्या शनिवारी गट एका दिवसासाठी आनसी शहरात जाणार होता. तिथल्या जेवणाची जागा संयोजिकेने राखली नाही, आणि त्या मुलीची जोडी लावली नाही.

आनसीला एका लहान खाणावळीत ती एकटी आत गेली. आम्ही कालव्याच्या पलीकडे कठड्याला टेकून उभ्या होतो, तिथून काच दिसत होती पण आवाज येत नव्हता. ती बोलली, वाढणारा काहीतरी म्हणाला, ती थांबली, पुन्हा बोलली, मग त्याने मान हलवून तिला खिडकीजवळची खुर्ची दाखवली. ताट आल्यावर तिने काट्याने पाने एक-एक उलटून पाहिली आणि मग खायला सुरुवात केली.